मांजरेच्या दरडीवरचा एक दिवस

पहाटे साडेचार
पिशवी रात्रीच भरून ठेवली होती. गवंड्याची थापी, दाढीचे दोन जुने ब्रश, टेप, रद्दी, गोणपाटाचे तुकडे, वही. सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी बांधून घेतली. मे महिन्यात अकरानंतर दरडीजवळ उभं राहवत नाही, म्हणून कामाचे तास तांबडं फुटल्यापासून धरायचे. मी भूगोल शिकवतो. उन्हाळ्याच्या सुटीत मांजरा नदीच्या काठानं नामशेष झालेल्या मोठ्या जनावरांची हाडं हुडकत फिरतो.

साडेपाच
नेकनूरच्या बाजारतळावरून गाडी काढली. इथल्या जनावरांच्या बाजारात लाल कंधारी, देवणी बैल उभे राहतात. त्यांचा पूर्वज ‘बॉस नमाडिकस’ नावाचा रानबैल. नाव नर्मदेवरून पडलं, पण हाडं आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही मिळाली आहेत. मुलांना जीवाश्म म्हणजे काय ते सांगताना मी याच बैलापासून सुरुवात करतो. खुंट्याला बांधलेल्या जनावराची वंशावळ नदीच्या गाळात आहे म्हटलं की वर्ग लगेच गप्प होतो.

साडेसहा
नदी कोरडी. दरडीला उन्हाची पहिली तिरीप लागते तेव्हाच थर नीट दिसतात, नंतर सगळं एकरंगी होतं. वर काळी माती, खाली तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे खडे, आणि तळाशी चुन्यानं घट्ट बांधलेला वाळू-गोट्यांचा थर. त्याच्याखाली काळा पाषाण. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात हत्तीचं हाड मिळायचं नाही, कारण तेव्हा हत्ती जन्मालाच आला नव्हता. शोधायचं ते नदीनं पाषाणावर फार मागाहून आणून टाकलेल्या गाळात आणि गोट्यांत. म्हणून एवढ्या मोठ्या मुलखात कामाची जागा म्हणजे नदीकाठची ही चिंचोळी पट्टी.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा विन १८६० च्या दशकात मुंगी-पैठणजवळ अशाच थरापाशी उभा होता. जनावरांच्या हाडांच्या थरात त्याला अकीकाचा एक छिलका मिळाला, माणसानं घडवलेला. नामशेष जनावरं आणि माणूस एकाच काळात एकाच नदीवर पाणी पीत होते, याचा तो गोदाकाठचा पुरावा. मुंगी-पैठण ही जोडी आपण संतांमुळे आणि आचार्यांमुळे ओळखतो. त्या छिलक्यामुळेही ओळखायला हवी, असं माझं मत आहे.

नऊ
मेंढरं घेऊन एक मामा आले. “गुर्जी, काय हुडकायले?” मी सांगितलं. त्यांनी ओढ्यातून एक हाड आणून हातावर ठेवलं. हलकं, कडेला पिवळट. म्हशीचं, दोन-चार उन्हाळ्यांपूर्वीचं. मी खिशातला जीवाश्माचा तुकडा त्यांच्या दुसऱ्या हातावर ठेवला. मामांनी दोन्ही हात वरखाली केले आणि म्हणाले, “ह्यो तर दगडच हाय.” ओळख तीच. आकार हाडाचा, वजन दगडाचं, नखानं टिचकी मारली तर आवाज खापरासारखा.

साडेअकरा ते साडेतीन
लिंबाखाली. उन्हाचे हे चार तास वाचनाचे.

सर्वांत जास्त वेळ मी फाल्कनर आणि कॉटली यांच्याजवळ थांबतो. एक डॉक्टर, सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. दुसरा कालव्यांचा इंजिनिअर. हाडं गोळा करणं दोघांचंही नेमलेलं काम नव्हतं. तरी शिवालिकच्या टेकड्यांतून त्यांनी जे जमवलं, त्यातून १८३६ साली ‘शिवथेरियम’ जगापुढे आलं. जिराफाच्या कुळातलं, पण अंगानं हत्तीशी बरोबरी सांगणारं शिंगाळ जनावर, नाव शंकराचं. १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं दोघांना वोलॅस्टन पदक दिलं. त्याच्या सुमारे पाचशे वर्षं आधी फिरोजशहा तुघलकाच्या कालव्याच्या खोदाईतही प्रचंड हाडं निघाली होती, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. म्हणजे हाडं वर येतात ती कुणीतरी जमीन उकरतं तेव्हा. बघणारा तिथं हजर असावा लागतो.

नर्मदेच्या हत्तीला ‘नमाडिकस’ हे नावही याच दोघांनी दिलं. आजच्या हत्तीहून तो कितीतरी थोराड. त्याची दाढ पाहिली की मला भाकरीची चवड आठवते. पातळ पातळ पापुद्रे एकमेकांना खेटून उभे, गवत दळायला. तोच हत्ती आपल्या गोदावरीवरही होता. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला त्याची प्रचंड कवटी मिळाली आणि १९०५ साली भूवैज्ञानिक पिल्ग्रिमनं तिच्यावर लिहिलं. कवटी कलकत्त्याला गेली. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी मांजरेचं खोरंही पायाखाली घातलं. लातूर जिल्ह्यात हरवाडी, गांजूरच्या परिसरात जीवाश्म मिळाले. पाणघोडाही त्यात आहे. आपल्याकडच्या त्या पाणघोड्याला जबड्यात पुढचे दात सहा; आफ्रिकेतल्या आजच्याला चार. ज्या मांजरेचं पाणी टँकरनं वाहायची वेळ येते, तिच्या डोहांत पाणघोडे डुंबत होते, हे मी दर वर्षी वाचतो आणि दर वर्षी पुस्तक मिटून थोडा वेळ नदीकडे बघत बसतो.

साडेचार
परतीच्या वाटेवर नदीलगतच्या रानात विहिरीचं काम चाललं होतं. जेसीबीनं तीन पुरुष खोल गोट्यांचा थर फोडला होता आणि ढीग बांधावर ओतला होता. मालकाची परवानगी घेऊन दीड तास ढीग चाळला. अंगठ्याएवढा एक तुकडा मिळाला. वजनदार, आतली जाळी खनिजानं भरलेली. हाडच. पण कोणत्या जनावराचं, कोणत्या थरातलं, किती खोलीवरचं? बकेटनं सगळे थर एकत्र केले होते. पत्ता फाटलेल्या पाकिटासारखा तो तुकडा. मालक शेजारी येऊन बसला. म्हणाला, “काल एक लांबोडकं निघालं होतं, लाकडावाणी. भरावात गेलं.”

मी काही बोललो नाही. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रात्री नऊ
वहीत नोंद: सकाळच्या दरडीत हाड नाही. विहिरीच्या ढिगात एक तुकडा, थर अज्ञात. पुढच्या खेपेला विहिरीची बाजू बांधून काढायच्या आत मोजायची.

नदीकाठी तुमचं रान असेल आणि विहीर, शेततळं किंवा चारी खोदताना हाडाच्या आकाराचा जड दगड दिसला, तर मशीन पाच मिनिटं थांबवा. उपसून काढू नका, धुऊ नका. शेजारी पेन किंवा चप्पल ठेवून फोटो काढा, जमिनीपासून किती हातांवर आहे ते लिहा, आणि गावातल्या शाळेत किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.