दातांचा टेकू

जळगावच्या केळीबागांत घडाच्या भाराने झुकणाऱ्या केळीला टेकू देतात. सरळ केलेल्या दातांनाही असाच टेकू लागतो.

तारेच्या मंद, अखंड दाबाने वाकडे दात सरकतात. दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागे नवे हाड तयार होते. या कामास बहुधा एक-दोन वर्षे लागतात. तार काढल्यावर दात पूर्वस्थानी परतू पाहतात. म्हणून काढता-घालता येणारी पट्टी वापरावी लागते. धुळ्याच्या दंत महाविद्यालयात ही विद्या शिकविली जाते.

थायलंडात मात्र मुले केवळ शोभेसाठी खोटी तार लावू लागली. अखेर सरकारला तिच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. कारण शोभेची तारही चांगले दात हलवू शकते. टेकू आधारासाठी असतो, मिरविण्यासाठी नव्हे.