दंड सैल पडले, शस्त्रक्रिया करावी काय?

आमचे काम हळदीच्या बेण्याचे आणि सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे. पण बायकांच्या बैठकीत बसले की बांधापलीकडचे प्रश्नही निघतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढे शिकले आहे, की बैठक मोडल्यावर चपला घालताना कुणी हळूच काही विचारले, तर तोच त्या दिवशीचा खरा प्रश्न असतो.

नरसी नामदेवला उन्हाळ्यात बचत गटाची अशीच बैठक झाली. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात गेली होती. सगळ्याजणी उठल्या, एक बाई मागे राहिली. वय पन्नाशीच्या आतबाहेर. दोन वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला तेव्हा वजन 84 किलो होते. डॉक्टरांनी दटावले आणि तिने ते मनावर घेतले. भात-गूळ आवरला, पहाटे कयाधूच्या काठाने नामदेवांच्या देवळापर्यंत चालू लागली. आज वजन 61 किलो आहे, साखर आटोक्यात आहे. गावाने कौतुक करावे अशी ही गोष्ट. पण तिने पदर सारून दंड दाखवला.

“ताई, हे बघा. बैलाच्या पोळीवाणी लोंबतंय. मायनं दिलेली वाकी घातली तर कातडीत रुतून बसती. दिवाळीनंतर पोरीचं लगीन हाय. पोरगा म्हणतो, पुण्याला ऑपरेशन करू. हळदीचे पैसे हायेत. करू का?”

दाराशी बसलेल्या सासूबाईंनी ऐकले. “या वयात कोणाला दाखवायचंय? शहरातलं खूळ हाय हे!”

मला सासूबाईंचे पटले नाही. आपण बैल घेताना त्याचे कातडे कसे चमकते ते चार वेळा हात फिरवून पाहतो. बाईने स्वतःच्या दंडाचा विचार केला की मात्र ती नटवी ठरते. आणि हे खूळ शहरातले, परदेशातले, असे म्हणाल तर ऐका. 1792 च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा बैलगाडीवान होता. टिपूच्या सैनिकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा-मडकी घडवणाऱ्या कारागिराने मेणाचा साचा करून, त्या मापाने कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि नवे नाक बसवले. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिले. ऑक्टोबर 1794 मध्ये त्याची हकिकत चित्रासह लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली, आणि 1814 मध्ये लंडनला कार्प्यू नावाच्या सर्जनने त्याच रीतीने नाक बसवले. तेव्हा ही विद्या इकडून तिकडे गेलेली आहे. ‘प्लास्टिक सर्जरी’ या नावाला भिऊ नका. तिथे अंगात प्लास्टिक भरत नाहीत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आकार देणे’ असा आहे.

याच विद्येने डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात आणि बिघडलेले चेहरे सुधारले. पण त्या कामात आणि आपल्या या प्रश्नात फरक आहे. भाजून आखडलेला हात, मुलाचा फाटलेला ओठ, हे दुरुस्तीचे काम. अशा पुष्कळ शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतात. केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया योजनेत बसत नाही. तिचा सगळा खर्च घरचा, आणि खासगी दवाखान्यात तो लाखाच्या घरात जातो. म्हणजे हळदीचे पैसे दवाखान्यात ठेवून यायचे.

आता दंडाचे पाहू. कातडीत ताणून पुन्हा आवळणारे धागे असतात. वय, ऊन आणि वर्षानुवर्षांची चरबी यांनी ते सैल पडतात. चरबी गेली, धागे मात्र पूर्ववत होत नाहीत. धान्य काढून घेतलेले पोते उभे राहत नाही तसे. कोणतेही तेल, कोणतेही मलम अशी लोंबणारी कातडी आत ओढत नाही, जाहिरात काहीही म्हणो. व्यायामाने आतला स्नायू भरतो, थोडा फरक दिसतो, पण जादा कातडी नाहीशी होत नाही. (वजन प्रयत्न न करता आपोआप घटले असेल तर दंडाचा विचार राहू द्या, आधी साखर, थायरॉईड, क्षयरोग यांची तपासणी करा.)

शस्त्रक्रियेत दंडाच्या आतल्या बाजूची कातडी लांबट फोडीसारखी कापून काढतात आणि कडा शिवतात. बहुधा पूर्ण भूल देतात. कधी निचऱ्याची नळी काही दिवस ठेवतात, आणि कित्येक आठवडे घट्ट बाही घालावी लागते. लोंबणे जाते हे खरे, पण त्या बदल्यात काखेपासून जवळजवळ कोपरापर्यंत वण येतो. तो आधी लाल, जाड असतो. निवायला वर्षभर लागते. आपल्या सावळ्या कातडीत वण फुगून राहण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा अधिक. शिवाय पाणी साचणे, जखम पिकणे, दंड-हाताचा काही भाग बधिर होणे हे धोके आहेत. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर हात सुजून राहण्याची भीती असते. अशा बाईने या वाटेला जाऊ नये.

आणि मिशरी. हे मी मुद्दाम लिहिते, कारण डॉक्टर तंबाखू खाता का विचारतात आणि आपण ‘नाही’ म्हणतो. मिशरी म्हणजे तंबाखूच. तिने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, जखमेच्या कडांना रक्त पुरत नाही आणि टाके उसवतात. निदान महिनाभर आधी ती सुटली पाहिजे, साखर काबूत पाहिजे, रक्तही पुरेसे पाहिजे.

तिला मी विचारले, “चार ते सहा आठवडे घागर उचलायची नाही, म्हशीची धार काढायची नाही, खुरपं धरायचं नाही. जमेल?” ती हसली. जूनमध्ये पेरणी, मग निंदणी, ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे कापूस, तूर, नंतर हळदीची खांदणी. शेतकऱ्याच्या घरात बाईला दीड महिना कधी मोकळा मिळतो, हे मला अजून कोणत्या पंचांगात सापडलेले नाही. घरच्यांनी तो ठरवून दिला तरच मिळतो, आणि ज्या मुलाने ऑपरेशनचे सुचवले त्यानेच धारेची सोयही सुचवावी, असे मी म्हटले.

माझे मत तिला स्पष्ट सांगितले: लग्नासाठी म्हणून करू नकोस. आत्ता केले तर दिवाळीनंतर वण लालच असेल, आणि लग्नाचे कर्ज दारात असताना हळदीचा पैसा यात घालणे मला योग्य वाटत नाही. वजन निदान सहा महिने एका जागी टिकू दे. लग्न होऊ दे. त्यानंतरही मनात असेल, काखेत घामाने कातडी चिघळत असेल, तर पुढच्या वर्षी जरूर विचार कर. तेव्हा डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे ना, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे ना, ते विचार. भूल देणारा डॉक्टर वेगळा आहे ना, तेही. आधीच्या रुग्णांच्या वणाचे फोटो पाहायला माग. शिवण दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे झंपरसुद्धा टाकत नाही आपण.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या उठल्या, सुनेचा दंड हातात धरून पाहिला आणि म्हणाल्या, “वाकी सोनाराकडं नेऊन जरा मोकळी करून आण. कोपरापर्यंत बाहीचं झंपर शिव, वरून वाकी घाल.”

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा वाकी सोनाराकडे होती. ऑपरेशनचे काय ठरले ते मी विचारले नाही. तिने आपणहून सांगितले, की मिशरीचा डबा बंद करून 19 दिवस झाले.