चूक सिद्ध होते, उत्तम चाल क्वचितच

बुद्धिबळाचे इंजिन तपासताना त्याला ठरावीक स्थिती देतात आणि सर्वोत्तम चाल विचारतात. इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक यांची १९८२ची चाचणी २४ स्थितींची होती. फ्रेड राइनफेल्ड यांच्या ‘विन अ‍ॅट चेस’मधल्या ३०० स्थिती तर इंजिन लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरल्या. पुढे बलवान इंजिनांना त्यांतल्या काही स्थितींत छापील उत्तरासारखीच जिंकून देणारी दुसरी चाल सापडली. अशा चालीला शून्य गुण देणे मला अन्यायाचे वाटते. बिनचूक खेळ गृहीत धरला तर कोणत्याही स्थितीचे मोल तीनच प्रकारचे असते: विजय, बरोबरी किंवा पराभव. तेव्हा हातातला निकाल घालवते ती चाल चूक, हाच पहिला निकष हवा.

तेवढ्याने भागत नाही, हे साव्हेद्राच्या १८९५मधल्या प्रसिद्ध स्थितीतच दिसते. पांढरा राजा सी-२वर, प्यादे सी-७वर; काळा राजा ए-१वर, हत्ती डी-४वर. प्याद्याचा वजीर केला तर काळा हत्ती सी-४वरून शह देतो. तो मारावाच लागतो, आणि मारताच काळ्या राजाला ना शह उरतो ना चाल, डाव बरोबरीत. हत्ती केला तर ए-८वरून मात करण्याची धमकी उभी राहते आणि पांढरा जिंकतो. पण त्याआधी पांढऱ्याने राजा बी-३वर नेला तरी विजय हातचा जात नाही: काळ्याने डी-३वरून शह दिला की राजा सी-२वर परततो, काळा हत्ती डी-४वर, पुन्हा तीच स्थिती. निकाल शाबूत, प्रगती शून्य. तीच स्थिती तीनदा आली तर बरोबरी मागता येते, या नियमामुळे अशी टंगळमंगळ शेवटी डाव बरोबरीत सोडवू शकते, म्हणून मातेपर्यंतचे अंतर कमी होते का, हा दुसरा निकष जोडावा लागतो.

यावर रास्त आक्षेप असा, की संपूर्ण उकल सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थितींचीच झाली आहे. मधल्या डावात हे निकष कोण तपासणार? ‘स्ट्रॅटेजिक टेस्ट सूट’ ही इंजिनांची चाचणी पर्यायी चालींनाही कमी-जास्त गुण देते. हे अधिक न्याय्य आहे, तरी ते गुण इंजिनांच्याच विश्लेषणावर ठरतात. उद्याचे बलवान इंजिन ते बदलू शकते. हरलेल्या स्थितीत तर सगळ्याच चाली पराभवाच्या. त्यांतली ‘उत्तम’ कोणती हे समोरचा कुठे चुकेल यावर अवलंबून. म्हणून शंका असेल तिथे चाचणीने टाळायच्या चालीच नोंदवाव्यात. स्थिती लिहून ठेवण्याच्या प्रचलित पद्धतीत त्यासाठी वेगळी खूण आधीपासून आहेच, आणि एखादी चाल हरते हे दाखवायला पुष्कळदा एक ठोस प्रत्युत्तर पुरते.