दगड ओला, तर श्वास मोकळा

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळेच त्यांना बाई म्हणतात. परवा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, नातवाने गावाकडून नदीतले पिशवीभर रंगीत दगड आणलेत. ते त्याला घरीच चकचकीत करायचेत. जावयांनी त्यासाठी यंत्रही मागवलंय. दगडाने काय होतंय, असं सगळे म्हणतात. तरी म्हटलं, तुम्हाला विचारावं.’

बाईंनी विचारले ते बरे झाले. छंद चांगला आहे, मुलाला तो जरूर करू द्यावा. अट एकच आहे, दगड ओला राहिला पाहिजे. ही अट इतकी महत्त्वाची का, ते आज सांगतो.

नदीचे काम महिनाभरात

अनेकांच्या देवघरात नर्मदेतला बाण असतो. नदीत दगड दगडावर घासतो, वाळू त्याचे कोपरे झिजवते आणि कित्येक वर्षांनी गुळगुळीत गोटा हाती येतो. घरगुती यंत्रात हेच घडते. रबरी किंवा प्लॅस्टिकचा एक छोटा पिंप आडवा ठेवलेला असतो आणि मोटर तो सावकाश फिरवत राहते. पिंप साधारण पाऊण भागापर्यंत दगडांनी भरायचा, त्यात सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड टाकायची, दगड जेमतेम बुडतील इतके पाणी घालायचे आणि झाकण घट्ट लावायचे. आठवडाभर रात्रंदिवस यंत्र चालले की दगडांचे कोपरे जातात. मग सगळे स्वच्छ धुऊन बारीक पूड, पुढच्या आठवड्यात त्याहून बारीक आणि शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिश. महिनाभरात दगडाला आरशासारखी चकाकी येते. मधल्या धुण्यात आळस केला आणि भरड पुडीचा एखादा कण जरी मागे राहिला, तर शेवटच्या पायरीला सगळ्या दगडांवर चरे पडतात. मुलांना चिकाटी शिकवायला याहून चांगला खेळ नाही.

महाराष्ट्राला या दगडांची वाण नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. थंड होणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत सिलिका भरली. त्यातूनच अकीक, गारगोटी आणि जांभळा स्फटिक तयार झाले. सिन्नरच्या खनिज संग्रहालयाला ‘गारगोटी’ हे नाव आहे ते उगीच नाही.

पण अकीक काय किंवा गारगोटी काय, दोन्ही म्हणजे सिलिकाच. माझा छातीच्या रोग्यांशी रोजचा संबंध आहे, त्यामुळे हा शब्द ऐकला की मी सावध होतो.

न दिसणारी धूळ

उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसते ती धूळ बहुतेक नाकात आणि घशात अडकते. शिंकून, खाकरून ती बाहेर पडते. खरी घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, तर फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचणारा कण पाच मायक्रॉनहूनही लहान असतो. कोरडा दगड फोडताना किंवा घासताना असे असंख्य कण हवेत उडतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात.

वायुकोशात आपल्या पहारेकरी पेशी असतात. जंतू आला की त्याला गिळून पचवायचे, हे त्यांचे काम. सिलिकाचा कण त्या गिळतात, पण तो त्यांना पचत नाही. उलट पेशीच फुटते, तिच्यातली दाहक द्रव्ये बाहेर सांडतात आणि मोकळा झालेला तोच कण दुसरी पेशी गिळते. हे चक्र थांबत नाही. प्रत्येक वेळी शरीर तिथे चिवट तंतूंचा व्रण तयार करते आणि हळूहळू मऊ फुप्फुसात कडक गाठी बनतात. हाच सिलिकोसिस. नुकताच फुटलेला कण जुन्या धुळीपेक्षा जास्त दाहक असतो.

हा आजार बहुधा दहा किंवा अधिक वर्षांनी उघड होतो. धूळ फार असेल तर पाच वर्षांच्या आतही होतो. काम सोडले तरी तो वाढत राहू शकतो. झालेला व्रण पुसून टाकणारे औषध आजही आपल्याकडे नाही. अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज मूळ धरतात आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो.

मी न विचारलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वी गुजरातच्या सीमेलगतच्या एका तालुक्यातून तिशीतला एक रुग्ण आमच्याकडे यायचा. त्याला दम लागत होता, कोरडा खोकला होता, वजन घटले होते. टीबीच्या औषधांचा कोर्स त्याने दोनदा पूर्ण केला होता. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते, पण एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग होते. आपल्या देशात असे डाग दिसले की मनात पहिल्यांदा टीबीच येतो. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘मजूर’ असे लिहिलेले होते. ते अक्षर माझे होते.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारले, ‘शेतमजुरीच्या आधी काय करायचास?’

‘खंभातला अकीक घासायचो, साहेब. शेठच्या घरी. सहा-सात वर्षं.’

मग जुने एक्स-रे पुन्हा पाहिले. त्यातले बारीक गोल ठिपके पहिल्या दिवसापासून तिथेच होते. व्यवसाय विचारल्याशिवाय रोग्याची चौकशी पूर्ण होत नाही, हे इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवरच्या ग्रंथात लिहून ठेवले होते. मला ते कळायला तीन भेटी लागल्या. खोकला आणि जंतुसंसर्ग आटोक्यात ठेवणे एवढेच आमच्या हाती उरले. त्याचे फुप्फुस काही परत मिळाले नाही.

गुजरातेतले खंभात हे अकीकच्या मण्यांसाठी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. तिथून जवळच असलेल्या लोथल या सिंधुकालीन गावातही मणी घडवण्याचा कारखाना उत्खननात सापडला. खंभातमध्ये पूर्वी मणी, पाणी आणि पूड चामडी पिशवीत भरून दोन माणसे ती एकमेकांकडे लोटत बसत. नातवाच्या यंत्राचा हा पूर्वजच म्हणायला हवा. हे शेवटचे काम ओले असते. घात होतो तो त्याआधी, सहाणेच्या फिरत्या चाकावर दगड कोरडा घासताना.

हे चाक पुष्कळदा घरातच असते. त्याच खोलीत बाळ झोपते आणि चूलही तिथेच पेटते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने इथल्या कारागिरांचा अभ्यास केला आहे. स्वतः कधी दगड न घासलेल्या माणसांतही या धुळीचा आजार आढळला आहे. कारखान्यांच्या कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला, पण पडवीतले चाक कारखान्यात मोजले जात नाही.

आपल्या घरातही ही धूळ येऊ शकते. स्वयंपाकाचा ओटा किंवा फरशी बसवताना दगड कोरडाच कापला जातो आणि घरभर पांढरा थर बसतो. कापणारा माणूस तोंडाला फक्त रुमाल बांधतो. कृत्रिम क्वार्ट्‌झच्या ओट्यांनी इतक्या कामगारांची फुप्फुसे खराब केली की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली. कारागिराला ‘पाणी मारून काप’ असे सांगणे आणि त्यासाठी नळ उपलब्ध करून देणे, हे घरमालकाला सहज जमण्यासारखे आहे.

घरी छंद करताना

बंद पिंपात पाण्यासह फिरणाऱ्या दगडांपासून श्वासाला धोका जवळजवळ नसतो. तो पिंपाबाहेरच्या कामात असतो. म्हणून एवढे पाळा.

• मोठा दगड फोडायचाच असेल तर तो ओल्या जाड फडक्यात गुंडाळून मोकळ्या जागेत मोठ्यांनी फोडावा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. रुमाल हे कण अडवत नाही.

• कोरडा दगड ग्राइंडरवर किंवा सँडपेपरवर घासू नये.

• पिंपातला गाळ म्हणजे सिलिकाचेच पीठ. तो मोरीत ओतू नका, नळीत सिमेंटसारखा बसतो. बादलीत खाली बसू द्या, वरचे पाणी मातीत ओता आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

• सांडलेला गाळ वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसा. वाळला तर झाडू मारू नका. कपडे झटकू नका, थेट भिजवा.

• पिंपात कधी कधी वायू साठतो. झाकण मोठ्यांनी, चेहरा बाजूला ठेवून, हळूच उघडावे.

• हिरव्या मॅलाकाइटमध्ये तांबे असते, ते मुलांच्या यंत्रात नको.

• यंत्र चोवीस तास घरघरते. ते झोपायच्या खोलीपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. पाणी आणि वीज जवळजवळ असल्याने अर्थिंगची खात्री करून घ्या.

आणि एक विनंती. दगडखाण, खडी क्रशर, काचकाम, ओतकाम, फरशीकाम किंवा अकीक, यांपैकी कुठलेही काम तुम्ही किंवा घरच्या कुणी कधीही केले असेल, अगदी वीस वर्षांपूर्वी का असेना, तर खोकल्यासाठी दवाखान्यात जाल तेव्हा ते आपणहून सांगा. आमच्या विचारण्याची वाट पाहू नका.

बाईंना मी हेच सगळे सांगितले. यंत्र आता त्यांच्या बंद गॅलरीत, नळाजवळ बसले आहे. शेजारी गाळाची बादली आहे आणि तिच्यावर नातवाने खडूने लिहिले आहे, ‘वाळू देऊ नये.’