केमोमुळे नखं काळी पडली, सैल झाली? घाबरू नका, पण दुर्लक्षही नको!

केमोथेरपी म्हटलं की केस गळणं, उलट्या आणि थकवा आठवतो. नखांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पण काही सायकल झाल्यावर शर्टाचं बटण लावताना, लसूण सोलताना बोटं ठणकू लागतात. असं का होतं आणि काय करावं? जाणून घेऊया.

नखांवर परिणाम का होतो?

केमोची औषधं वेगाने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. नखाच्या मुळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात, त्यामुळे त्यांनाही फटका बसतो. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल या औषधांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. नखावर आडव्या रेषा उमटतात, रंग काळपट होतो, खाली रक्त साकळतं. कधी नख खालच्या त्वचेपासून सुटतं.

आधीच टाळता येतं का?

काही प्रमाणात, हो. २००५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी डोसिटॅक्सेल घेणाऱ्या ४५ रुग्णांच्या एकाच हातात गोठवलेला हातमोजा घातला. मोजा घातलेल्या हातांपैकी ११ टक्के हातांच्या नखांना त्रास झाला, तर दुसऱ्या हातांमध्ये हे प्रमाण ५१ टक्के होतं. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटांपर्यंत औषध कमी पोहोचतं. ही सोय तुमच्या रुग्णालयात आहे का, हे पहिल्या सायकलआधीच विचारा. घरचा बर्फ स्वतःच्या मनाने लावू नका.

घरी काय कराल?

• नखं लहान आणि सरळ कापा. कडेची कातडी कापू नका.
• भांडी, कपडे धुताना रबरी हातमोजे घाला, आत सुती मोजे असू द्या.
• हात-पाय नीट कोरडे करून नखांच्या कडेला मॉइश्चरायझर लावा.
• पायात सैल चप्पल-बूट घाला. पावसाळ्यात ओले मोजे लगेच बदला.
• कृत्रिम नखं टाळा. गडद नेलपॉलिशमुळे बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचं रीडिंग चुकू शकतं.
• सैल झालेलं नख ओढू नका. सुटलेला भाग कापून बोटावर पट्टी लावा.

डॉक्टरांना कधी सांगाल?

नखाभोवती सूज, लाली, पू किंवा दुर्गंधी असेल तर हळद-चुना भरत बसू नका. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यामुळे साधा वाटणारा संसर्गही अंगभर पसरू शकतो. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा.

नखं दुखतात म्हणून सायकल मात्र परस्पर चुकवू नका. डोस किंवा वेळापत्रक बदलायचं का, हे डॉक्टरच ठरवतील.

नखं पुन्हा येतात का?

बहुतेकांची येतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे पूर्ण नख यायला सुमारे ६ महिने, तर पायाच्या अंगठ्याला १२ ते १८ महिने लागतात. तोवर थोडा धीर धरा आणि पुढच्या तपासणीला हात-पाय डॉक्टरांना आवर्जून दाखवा.