तंबोरा मुका झाला तर

मिरजेहून आणलेला तंबोरा इंग्लंडच्या हिवाळ्यात कधीकधी मुका होतो. लगेच घोडी घासायला देऊ नका. गुंज येते ती जवारीतून: घोडीचा माथा किंचित बाकदार असतो, कंप पावणारी तार त्याला हलकेच चाटत राहते. (युरोपातल्या हर्डी-गर्डीतही सुट्या पायाची एक घोडी मुद्दाम खरखरते, म्हणजे ही आवड फक्त आपली नाही!)

आधी तारेखालचा सुती दोरा बघा. तार छेडत तो केसभर पुढे-मागे सरकवा. एका जागी आवाज एकदम उघडतो. तिथे थांबा. तार गंजली असेल तर बदला. हीटिंगच्या कोरड्या हवेने लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात. तंबोरा रेडिएटरपासून लांब ठेवा, खुंटीला खडू लावा.

एवढं करूनही आवाज बंद, आणि घोडीवर तारांच्या खाचा दिसतायत? मगच जवारी काढायची. ते काम कानाचं: थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. मिरजेतली शिकलगार घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. २०२४मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. नवख्या हाताने जास्त घासलं, तर गेलेलं परत भरता येत नाही, नवी घोडीच बसवावी लागते.