दुसरे मत घ्यावे, पण कशासाठी?

लेखांक ७

मागच्या लेखात बायॉप्सीचा अहवाल कसा वाचायचा ते पाहिले. अहवालात कर्करोग लिहून आला की त्याच संध्याकाळी घरात प्रश्न निघतो, ‘आणखी कुणाला दाखवूया का?’ मुंबईला नोकरी करणारा मुलगा फोनवर सांगतो, ‘सरळ टाटाला आणा.’ आईला काळजी वेगळीच असते, ‘आपल्या डॉक्टरांना काय वाटेल?’

आधी या काळजीचे उत्तर. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली लोकांपुढे ठेवली. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क तिच्यात स्पष्ट लिहिलेला आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. चांगला डॉक्टर अशा मागणीने दुखावत नाही. कित्येकदा तोच कुणाकडे जायचे ते सुचवतो.

मात्र दाभोळच्या माणसासाठी मुंबईची एक खेप म्हणजे एसटीचा लांबचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि राहण्याची सोय. म्हणून निघण्याआधी आपल्याला नेमके काय तपासून हवे आहे, ते ठरवले पाहिजे.

पहिली गोष्ट निदानाची. गाठीचा काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवले की स्लाइड तयार होते, आणि ती पाहून पॅथॉलॉजिस्ट निदान करतो. म्हणजे छापील अहवाल हे एका तज्ज्ञाचे मत असते. मूळ पुरावा स्लाइड आणि ब्लॉकमध्ये असतो. लिम्फोमासारख्या आजारात नेमका प्रकार ओळखणे अवघड असते आणि प्रकार बदलला की औषध बदलते. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांवर पुढचे बरेचसे उपचार ठरतात. म्हणून मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरून आलेल्या स्लाइड पुन्हा तपासून घेतात. नुसती अहवालाची झेरॉक्स नेली तर हे होत नाही. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा, पोच द्या, आणि मेणाचा ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. स्कॅनच्या फिल्मसोबत त्याची सीडीही घ्या.

दुसरी गोष्ट उपचारांच्या क्रमाची आणि व्याप्तीची. तोंडाच्या कर्करोगात विचारा: जबड्याचे हाड किती काढावे लागेल? नंतर किरणोपचार लागतील का? स्तनाच्या कर्करोगात विचारा: पूर्ण स्तन काढणे गरजेचे आहे का? लवकर सापडलेल्या गाठीत फक्त गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगतात, हे इटली आणि अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांच्या २० वर्षांच्या निष्कर्षांनी २००२ साली दाखवून दिले. तरीही प्रत्येकीला ते लागू होईलच असे नाही, म्हणून प्रश्न विचारायचा.

दुसरे मत दूरचे किंवा महागडे असले म्हणजेच खरे, असे समजू नका. २००४ साली तोंडाचा कर्करोग झाल्यावर शरद पवार न्यूयॉर्कला गेले. तिथल्या तज्ज्ञांनी त्यांना भारतातल्याच तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगितले, हे पवारांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. पुढचे उपचार त्यांनी इथेच घेतले.

दाभोळहून पर्याय कोणते? चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. जवळ म्हणून ते आधी बघावे. परळचे टाटा मेमोरियल १९४१पासून रुग्णसेवेत आहे. तिथे शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांचे तज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवतात. दुसऱ्या मताचा खरा फायदा अशा एकत्रित निर्णयात आहे. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली अनेक रुग्णालये आहेत. टाटाशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेत कागदपत्रे पाठवून तज्ज्ञांचे मत मिळते. आजारी माणसाला घरातून हलवण्याआधी हा मार्ग जरूर पाहावा. मुंबईत राहायची वेळ आलीच, तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती रुग्णांची सोय करतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल, तर कागदांवर सही करण्याआधी रुग्णालय बदलल्यास काय होईल ते आरोग्यमित्राला विचारा.

आता वेळेचे. बहुतेक गाठींच्या बाबतीत एक-दोन आठवडे थांबल्याने नुकसान होत नाही. किती थांबता येईल ते पहिल्या डॉक्टरांनाच विचारा. रक्ताचा तीव्र कर्करोग, श्वास अडणे, आतडे बंद होणे, थांबत नसलेला रक्तस्राव, पाठीच्या दुखण्याबरोबर पायांतली शक्ती जाणे, यांत मात्र एक दिवसही दवडू नका. आधी उपचार सुरू करा.

दोन मते वेगळी आली तर तिसरीकडे धावण्याआधी दोघांनाही विचारा: ‘असे का?’ एकाने शस्त्रक्रिया आधी आणि दुसऱ्याने केमो आधी सांगितली, तर दोन्हींना कारणे असू शकतात. ती ऐकून घरच्यांनी रुग्णासोबत बसून ठरवावे. पण ‘ऑपरेशन नको’ असे कुणी म्हणेपर्यंत दारोदार फिरणे म्हणजे दुसरे मत नव्हे. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी झाडपाल्यात गेलेले महिने बरी होणारी गाठ हाताबाहेर घालवतात.

दुसरे मत एकदा घ्या, पूर्ण कागदांनिशी घ्या आणि ठरवलेल्या मुदतीत घ्या. मग ज्या डॉक्टरांवर विश्वास बसला, त्यांचे उपचार मध्येच न सोडता पूर्ण करा.

(पुढील लेखात: केमोथेरपीच्या काळातला आहार)